भाकरीवर धावलेली मॅरेथॉन : बेळगाव, पुणे, अँटवर्प (१९२०)

भारताचा ऑलिंपिक इतिहास कुठून सुरू होतो, असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडी दोन उत्तरे येतात. एक, १९२८ चे ॲम्स्टरडॅम आणि हॉकीचे सुवर्णपदक. दुसरे, १९५२ चे हेलसिंकी आणि खाशाबा जाधवांचे कांस्यपदक. थोडे अधिक वाचलेला माणूस १९०० च्या पॅरिसमधल्या नॉर्मन प्रिचर्डचे नाव घेतो. या साऱ्यात १९२० हे वर्ष निसटून जाते. भारताच्या नावाने एक निवडलेला संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला तो त्या वर्षी, आणि त्याची निवड झाली पुण्यात.

या धाग्यात त्या संघातल्या एका तरुण धावपटूची गोष्ट सांगायची आहे. नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले, गाव बेळगाव. पदक मिळाले नाही, म्हणून पाठ्यपुस्तकात ते कधी आले नाहीत. पण दख्खनच्या मातीत अनवाणी धावणाऱ्या मुलांना जागतिक शर्यतीपर्यंत नेणारी वाट एकदा खरोखर उघडली होती, ती कशी उघडली आणि पुढे तिचे काय झाले, हे समजून घ्यायचे तर फडेप्पांच्याच मागोमाग जावे लागते.

आधी एक प्रश्न. आपल्याकडे धावणे हा खेळ होता का?

कुस्ती खेळ होता, यात शंकाच नाही. तिला तालीम होती, वस्ताद होता, जत्रेतला फड होता, खुराकाला पैसे देणारा आश्रयदाता होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले ते १९१२ साली, म्हणजे आपल्या गोष्टीच्या जेमतेम आठ वर्षे आधी. पळणाऱ्याला यातले काहीच नव्हते. पळणे हे काम होते. मराठेशाहीत पत्रे घेऊन मजल दरमजल करणारे जासूद होते. इंग्रजी अमलात टपालाची थैली खांद्यावर टाकून, घुंगरांची काठी वाजवत रानातून जाणारे हरकारे होते. आणि रोजच्या शेतावरच्या, बाजारच्या, दूरच्या पाण्याच्या फेऱ्या तर घरोघरी होत्याच.

नीरेच्या काठी, इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीसारख्या गावात उभे राहिले की आषाढात पंढरीकडे निघालेली माणसे दिवसाला पाच-सहा कोस सहज तोडताना दिसतात. त्यांतल्या कोणालाही आपण काही पराक्रम करतो आहोत असे वाटत नाही. दख्खनच्या पठारावर लांब अंतर हा पराक्रमाचा विषयच नव्हता, तो जगण्याचा भाग होता. त्यामुळे अंतर कापण्याची ताकद अंगात मुरलेली. पण ते किती वेळात कापले याची मोजदाद कोणीच केलेली नाही. ही मोजदाद सुरू झाली आणि फडेप्पांच्या आयुष्याला वळण मिळाले.

मोजदाद करणारी संस्था होती पुण्याची डेक्कन जिमखाना. स्थापना १९०६ ची. ही मंडळी देशी खेळांना नियमांत बसवण्याच्या खटपटीत होती. खो-खोचे लिखित नियम करण्याचे मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते. ते काम १९१४ च्या सुमाराचे. आपल्या अंगणातला खेळ कागदावर उतरवला, त्याला वेळ, मैदान आणि पंच दिला, म्हणजे तो जगाच्या पंगतीत बसू शकतो, हा त्यांचा विश्वास. त्या काळच्या पुण्याच्या स्वभावाला तो साजेसाच होता.

१९१९ साली जिमखान्याच्या अध्यक्षपदी होते सर दोराबजी टाटा. जमशेटजींचे थोरले चिरंजीव. केंब्रिजला शिकलेले, तिथे क्रिकेट आणि फुटबॉल खेळलेले. उद्योगपती म्हणून त्यांना सारे ओळखतात. खेळांच्या बाबतीत त्यांनी केलेले काम मात्र पोलादाच्या धुरात झाकले गेले आहे. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांच्या वेळी त्यांनी जे पाहिले, ते त्यांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवले. पहिल्या संघाच्या जन्माची सर्वांत महत्त्वाची साक्ष हीच.

त्या पत्रातले चित्र मोठे बोलके आहे. स्पर्धक बहुतेक शेतकऱ्यांची पोरे, शेतात राबणारी, साध्या, तुटपुंज्या अन्नावर वाढलेली. युरोपातले नियम किंवा आधुनिक सराव यांचा त्यांना गंधही नाही. आणि आयोजक? त्यांचा बेत असा की शंभर यार्डांची प्राथमिक फेरी वळणावरून पळवायची, तीही धावपट्ट्या वेगळ्या करणाऱ्या दोऱ्या न बांधता! टाटांना ते थांबवून समजावून सांगावे लागले, की इतक्या आखूड शर्यतीत वळणावर आतल्या बाजूच्या माणसाला फुकटचा फायदा होतो.

याच काळातली एक आठवण नेहमी सांगितली जाते. ऑलिंपिकला जायचे तर शंभर मीटरला वेळ किती लागायला हवी, असा प्रश्न जिमखान्याच्या एका सभासदाला विचारला. ते म्हणाले, असेल एखाद-दोन मिनिटे. तिथे मिनिटांचा नव्हे तर सेकंदांचा आणि त्याच्याही अंशांचा हिशेब असतो हे ऐकून ते थक्क झाले. आठवण तंतोतंत खरी असो वा नसो, तिच्यावर हसण्याआधी एक लक्षात घ्यावे. ही माणसे अडाणी नव्हती. त्यांनी खो-खोसारख्या गुंतागुंतीच्या खेळाची घटना लिहिली होती. धावण्याचे घड्याळ तेवढे त्यांच्या हाती अजून आले नव्हते.

ते घड्याळ लांब पल्ल्याच्या शर्यतीत हाती आले, आणि त्याने सगळ्यांनाच चकित केले. मैदान धड तयार केलेले नव्हते, पाय उघडे होते, तरी दहा मैलांच्या, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटरच्या शर्यतीत या मुलांनी दिलेली वेळ इंग्लंडात किंवा कुठेही शोभेल अशी होती. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड तिथे उपस्थित होते. टाटांनी ती वेळ त्यांच्या नजरेस आणून दिली. गव्हर्नरसाहेबांना गंमत वाटली आणि आश्चर्यही.

इथे जरा थांबू. एका शेतकऱ्याच्या पोराची कीर्ती गव्हर्नरापर्यंत पोहोचायला एरवी काय लागले असते? कोणाची शिफारस, भाषा, पोशाख, जात, जमीन. त्या दिवशी घड्याळाच्या काट्याने हे सारे वळसे चुकवले. मिनिटे आणि सेकंद ही अशी भाषा होती, की जिच्यात बेळगावचा तरुण आणि लंडनचा क्लबवाला यांची तुलना दुभाष्याशिवाय होऊ शकत होती. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली खरी क्रांती हीच; ऑलिंपिक नंतरचे.

टाटांनी तिथेच ठरवले, की यांतल्या तिघा धावपटूंना १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवावे आणि मॅरेथॉन धावायला लावावे. त्यांची कल्पना साधी होती : चांगले अन्न आणि इंग्रज प्रशिक्षकांच्या हाताखाली थोडा सराव मिळाला तर ही मुले देशाचे नाव काढतील. पण पुण्यातल्या राष्ट्रीय विचारांच्या मंडळींना तेवढ्यावर समाधान नव्हते. तिघेच का? जायचे तर पुरा संघ जाऊ द्या! हा आग्रह टाटांनी आपल्या पत्रात काहीशा अलिप्तपणे नोंदवला आहे, पण मानला मात्र.

या उत्साहामागचा काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. १९१८ साली दख्खनात पाऊस दगा देऊन गेला. त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने गावेच्या गावे अंथरुणाला खिळवली; मुंबई इलाख्यात मृत्यूचे थैमान होते. धान्य महागलेले. १९१९ च्या एप्रिलमध्ये जालियनवाला बाग झाली. टाटांनी ज्याला तुटपुंजे अन्न म्हटले ती ज्वारी-बाजरीची भाकरी होती, आणि त्या दोन वर्षांत तीही अनेक घरांत पुरेशी नव्हती. साथीतून आणि दुष्काळातून उठलेल्या देहांनी ती दहा मैलांची वेळ दिली होती.

दुसरी बाजू कायद्याची. गुलाम देशाला स्वतंत्र संघ पाठवता येतो का? येत होता, आणि त्याचे कारण महायुद्धात आहे. लाखो हिंदी सैनिक ब्रिटनच्या बाजूने लढले. त्यांतले कित्येक १९१४ च्या हिवाळ्यात याच बेल्जियमच्या चिखलात, ईप्रच्या आघाडीवर पडले. युद्धानंतर व्हर्सायच्या तहावर भारताच्या नावाने वेगळी सही झाली आणि राष्ट्रसंघाचे मूळ सदस्यत्वही भारताला मिळाले. सत्ता हाती नव्हती, पण आंतरराष्ट्रीय यादीत नाव आले होते. अशा वातावरणात लॉइड यांच्या मदतीने आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची संमती मिळवणे शक्य झाले. टाटा स्वतः १९२० मध्ये त्या समितीचे सदस्य झाले.

१९२० च्या उन्हाळ्यात पुण्यात निवड चाचणी झाली. अखेरीस सहा जण ठरले. बंगालचे पूर्मा बॅनर्जी, आखूड पल्ल्याच्या शर्यतींसाठी. अँटवर्पला ध्वज त्यांच्याच हाती होता. लांब पल्ल्याला तिघे : बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार आणि हुबळीचे कैकाडी. कुस्तीला मुंबईचे कुमार नवले आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे. सोबत व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि डॉ. फैजी. खर्चाचा मोठा भार टाटांनी उचलला, काही वाटा सरकारने आणि इतर देणगीदारांनी.

गावांची नावे पुन्हा वाचा. बेळगाव, सातारा, हुबळी, मुंबई, कोल्हापूर. बॅनर्जी सोडले तर भारताचा हा पहिला संघ म्हणजे जुन्या मुंबई इलाख्याचा आणि त्याला लागून असलेल्या संस्थानांचा पट्टा आहे. आज ज्या सीमेवरून दोन राज्ये भांडतात, तिच्या दोन्ही अंगांचे तरुण तेव्हा एकाच बोटीत बसले.

जून १९२० मध्ये संघ मुंबईहून निघाला. आधी इंग्लंडात मुक्काम आणि सराव, मग अँटवर्प, असा बेत. हे तरुण तिकडे असतानाच १ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्याच दिवशी गांधीजींचे असहकाराचे आंदोलन सुरू झाले. ज्या सरकारच्या संमतीने हा संघ गेला, त्या सरकारशी सहकार्य न करण्याची हाक देशात उठली होती. काळाचा असा सांधा कोणाच्या वाट्याला आला तर त्याला कोणत्या बाजूचा म्हणायचे? प्रश्न अवघड आहे, आणि मला तरी तो त्या सहा जणांवर लादावासा वाटत नाही.

अँटवर्प हे शहर स्वतःच जखमी होते. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये ते जर्मनांच्या हाती पडले आणि चार वर्षे त्यांच्या ताब्यात राहिले. शांतता होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांना निमंत्रणच नव्हते. १४ ऑगस्टला उद्घाटन झाले. पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज एखाद्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा फडकला तो इथे. खेळाडूंची शपथही पहिल्यांदा इथेच घेतली गेली. म्हणजे आज टीव्हीवर आपण जो विधी जुना, पूर्वापार चालत आलेला समजून पाहतो, तो नवा असताना पाहणाऱ्यांत बेळगावचा एक तरुण होता.

मॅरेथॉन झाली २२ ऑगस्टला. हवा थंड आणि पावसाळी. इतिहासाच्या अभ्यासकांनी इथे अंतराकडे लक्ष द्यावे. आज मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे माप १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले, पण ते कायमचे ठरले १९२१ मध्ये. त्याआधी प्रत्येक यजमान आपल्या सोयीने रस्ता आखत असे. अँटवर्पचा रस्ता होता ४२.७५० किलोमीटरचा. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सर्वांत लांब मॅरेथॉन. पुण्याच्या मैदानावरची दहा मैलांची शर्यत डोळ्यांपुढे ठेवा. हे अंतर त्याच्या अडीचपटीहून अधिक होते.

स्पर्धेत कोण होते? फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन, ज्यांनी १९१२ च्या स्टॉकहोममध्ये तीन सुवर्णपदके जिंकली होती आणि मधल्या युद्धाने ज्यांचे १९१६ चे ऑलिंपिक गिळून टाकले होते. एस्टोनियाचे युरी लोसमान, ज्यांचा देश नुकताच स्वतंत्र होऊन पहिल्यांदाच ऑलिंपिकला आला होता. दक्षिण आफ्रिकेचे ख्रिस गिटशम, जे बराच वेळ आघाडीवर राहिले आणि शेवटी शर्यत सोडून गेले. कोलेमाइनेन जिंकले : २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद. लोसमान अवघे १२.८ सेकंद मागे. तिसरे आले इटलीचे व्हालेरिओ आरी, आणि रेषा ओलांडताच त्यांनी आनंदाने कोलांट्या मारल्या.

फडेप्पा चौगुले धावत राहिले. त्यांच्याबरोबर मॅरेथॉनला उतरलेले दातार शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. फडेप्पांनी पूर्ण केली. वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. क्रमांक १९ वा.

हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका, त्याचा हिशेब करू. ४२.७५० किलोमीटरला १७० मिनिटे आणि वर पाऊण मिनिट, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ बरोबर ४ मिनिटे. तीच गती धरली तर आजच्या प्रमाण अंतराला सुमारे २ तास ४८ मिनिटे ३० सेकंद लागतील. आज पुण्या-मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये हातात जीपीएसचे घड्याळ, पायांत खास बूट, खिशात ऊर्जेच्या पुड्या घेऊन धावणाऱ्या हौशी धावपटूंपैकी फार थोड्यांना तीन तासांच्या आत येणे जमते. ज्यांना जमते त्यांना या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कोलेमाइनेन आणि फडेप्पा यांच्यात अठरा मिनिटांचे अंतर होते. अठरा मिनिटांत चार-पाच किलोमीटर रस्ता निघून जातो. रेषा ओलांडणारे एकूण ३५ होते, म्हणजे फडेप्पा मधल्या गटात होते. टाटांना पुण्यात दिसलेली चमक दहा मैलांची होती, आणि मॅरेथॉन हा वेगळाच प्राणी आहे. पहिले दहा-पंधरा मैल छातीच्या जोरावर निघतात. त्यानंतर शरीरातला साठा संपत येतो आणि वर्षानुवर्षे मुरवलेला सराव कामाला लागतो. कोलेमाइनेन यांच्यापाशी तो दहा-बारा वर्षांचा होता. आपल्या धावपटूंना मिळाला तो काही आठवड्यांचा.

म्हणूनच १९ वा क्रमांक मला अपयश वाटत नाही, तसाच तो चमत्कारही वाटत नाही. एक बी रुजते का, एवढे पाहण्याचा तो प्रयोग होता, आणि बी रुजत होते.

त्याच दिवसांत कुस्तीच्या आखाड्यात याहून मोठी गोष्ट हातातोंडाशी आली होती. रणधीर शिंदे यांनी ब्रिटनच्या इनमान यांना हरवून उपांत्य फेरी गाठली. तिथे अमेरिकेचे गर्सन भारी पडले. मग कांस्यपदकाची कुस्ती झाली आणि ती ब्रिटनच्या बर्नार्ड यांनी जिंकली. शिंदे चौथे आले. तो एक डाव लागला असता तर भारतीय कुस्तीचे पहिले ऑलिंपिक पदक हेलसिंकीच्या ३२ वर्षे आधी कोल्हापूरला आले असते. आणि ऑलिंपिकच्या नोंदवहीत त्यांचे आडनाव कसे लागले आहे? ‘शिंदेस’! कोणा कारकुनाच्या लेखणीतून शेवटी चिकटलेला तो स अजून सुटलेला नाही.

संघ परतला. यापुढचा भाग आपण सहसा वाचत नाही, कारण त्यात शर्यत नाही, समित्या आहेत. पण फडेप्पांच्या वाटेचे काय झाले ते या समित्यांतच सापडते.

टाटांना अँटवर्पहून एक धडा मिळाला होता, की एका जिमखान्याच्या बळावर हे होणार नाही. त्यांनी वायएमसीएच्या शारीरिक शिक्षणाच्या तज्ज्ञांची मदत घेतली. प्रांतोप्रांती संघटना उभ्या राहू लागल्या. १९२४ च्या फेब्रुवारीत दिल्लीत अखिल भारतीय पातळीवरचे खेळ झाले आणि त्यातून पॅरिसचा संघ निवडला गेला. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. टाटा तिचे पहिले अध्यक्ष. एका वर्षाने हॉकीचे सुवर्ण आले. संस्थांचा इतिहास म्हणून पाहिले तर ही सरळ चढती रेषा आहे.

पण १९२४ च्या पॅरिसच्या संघात फडेप्पा चौगुले यांचे नाव नाही. दातार नाहीत, कैकाडी नाहीत. अँटवर्पच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंपैकी एकही दुसऱ्यांदा ऑलिंपिकला गेला नाही. खेळ अखिल भारतीय झाला तसा तो पलटणी, रेल्वे, मोठ्या शहरांची महाविद्यालये यांच्याकडे सरकला, आणि ते समजण्यासारखे आहे. सराव करायचा तर रिकामा वेळ हवा, पोटभर अन्न हवे आणि पगार चालू हवा. हे तिन्ही ज्याच्यापाशी होते तो पुढे गेला. सुगीच्या दिवसांत शेत सोडून धावायला कोण जाईल?

१९१९ ची जिमखान्याची स्पर्धा अव्यवस्थित होती, वळणावर दोऱ्याही बांधलेल्या नव्हत्या. पण तिच्यात कोणीही येऊन धावू शकत होते. पुढची व्यवस्था नेटकी झाली, घड्याळे अचूक झाली, आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलापासून ती दूर गेली. दोन्ही गोष्टी एकाच सुधारणेने घडल्या. टाटांनी किंवा जिमखान्याने हे मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण परिणाम व्हायचा तो झाला.

खाशाबांची गोष्ट या प्रकाशात पुन्हा वाचण्यासारखी आहे. १९४८ च्या लंडनला जाताना कोल्हापूरच्या महाराजांचा आधार मिळाला. १९५२ ला पैसा उभा राहिला तो गावकऱ्यांच्या वर्गणीतून आणि प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून. अँटवर्पला तीन दशके उलटली, देश स्वतंत्र झाला, संघटना होऊन २५ वर्षे झाली, तरी कराडजवळच्या गोळेश्वरचा मल्ल ऑलिंपिकला पोहोचला तो एखाद्या मोठ्या मनाच्या माणसाच्या खिशातूनच. १९२० मध्ये हा माणूस दोराबजी टाटा होता, एवढाच फरक.

जाता जाता बर्फाकडेही एक नजर टाकू. हिवाळी ऑलिंपिक सुरू झाले १९२४ मध्ये. भारताचे नाव त्यात आले १९६४ ला, इन्सब्रुकमध्ये. डोंगरउतारावरून स्कीवर सुसाट खाली येण्याच्या शर्यतीत भारतातर्फे उतरलेले जेरेमी बुजाकोव्स्की जन्माने पोलिश होते. संघात ते एकटेच. चार वर्षांनी ग्रेनोब्लला पुन्हा तेच, पुन्हा एकटे. ज्या देशात हिमालय आहे त्याचा पहिला स्कीपटू असा यावा! वाळूचा, मातीचा किंवा बर्फाचा, रस्ता कोणताही असो, पहिला माणूस आपल्याकडे बहुधा व्यवस्थेच्या आधी पोहोचतो.

आता त्या १९ व्या क्रमांकाची गोष्ट पुरी करू. अँटवर्पनंतर भारतीय धावपटू ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये वेळोवेळी उतरले. १९६४ च्या टोकियोत बाळकृष्ण अकोटकर ३३ वे आले. शर्यती वेगवान होत गेल्या, स्पर्धक वाढले, त्यामुळे क्रमांकांची थेट तुलना करताना जपून राहावे. तरी नोंद अशी आहे : फडेप्पा चौगुले यांच्या १९ व्या क्रमांकाच्या पुढे जायला भारतीय पुरुषाला ५६ वर्षे लागली. १९७६ मध्ये माँट्रियलला बिहारचे शिवनाथ सिंग ११ वे आले. त्यानंतर आजवर कोणीही त्या दोघांच्या मध्येसुद्धा येऊ शकलेले नाही. २०१६ च्या रिओत गोपी टी. २५ वे आणि खेता राम २६ वे, हीच अलीकडची सर्वांत चांगली कामगिरी.

शिवनाथ सिंगही शेतकरी घरातले. अनवाणी पळण्यासाठी ते प्रसिद्ध होते. तळव्यांना नुसती पट्टी चिकटवून धावत. सैन्यातून निघाल्यावर त्यांना नोकरी मिळाली ती जमशेदपूरला, टाटांच्या पोलाद कारखान्यात.